घरचा जुना पीसी विंडोज ११ ला चालेल का? तपासणीपासून इन्स्टॉलपर्यंत

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या घरात पीसी बहुतेक एकच असतो आणि सगळी कामं त्याच्यावरच असतात: पोरांचा अभ्यास, शेताचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा), सेवासिंधू या सरकारी पोर्टलवरचे अर्ज, घरच्या कार्याची मराठी पत्रिका आणि ऑफिसला द्यायचं कन्नड पत्र. त्यामुळे "आता नवीनच घ्यावा लागेल" असं कुणी सांगितलं की पोटात गोळा येतो. बऱ्याच वेळा नवीन घ्यावा लागत नाही. पण खिशात हात घालण्याआधी आपल्या मशीनच्या आत काय आहे ते स्वतः वाचता आलं पाहिजे. "आय फाईव्ह आहे, मस्त चालतंय" एवढ्यावर व्यवहार करू नका. त्या वाक्यात कामाची माहिती जवळजवळ काहीच नसते.

आधी मशीन वाचा

कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत एमएसइन्फो३२ हे इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता टाईप करून एंटर मारा. सिस्टिम समरी उघडते. त्यातल्या पाच ओळी वहीत उतरवून घ्या: प्रोसेसर, सिस्टिम टाइप, बायोस मोड, सिक्युअर बूट स्टेट आणि इन्स्टॉल्ड फिजिकल मेमरी. दुकानात जाताना हाच कागद सोबत न्या.

विंडोज ११ ची कागदावरची अट अशी आहे: किमान दोन कोअरचा, १ गिगाहर्ट्झचा ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देण्याची) सोय, टीपीएम २.०, डायरेक्टएक्स १२ चालवणारं ग्राफिक्स. वाचायला हे हलकं वाटतं. पण घोडं अडतं ते दोनच ठिकाणी, प्रोसेसरची पिढी आणि टीपीएम.

इंटेलचा नंबर असा वाचायचा. आय ५ च्या पुढे ४५९० असेल तर पिढी चौथी, ६५०० असेल तर सहावी, ८४०० असेल तर आठवी. पाच आकडी नंबर असेल, उदाहरणार्थ १०१००, तर पहिले दोन आकडे पिढी सांगतात, म्हणजे दहावी. विंडोज ११ आठव्या पिढीपासून पुढे अधिकृत चालतं. सातव्या पिढीतले अगदी मोजके अपवाद सोडा. म्हणून चौथ्या पिढीचा आय ७ बाद होतो आणि आठव्या पिढीचा आय ३ पास होतो. आय ३, आय ५, आय ७ हा त्या-त्या पिढीतला दर्जा झाला, वय नव्हे. एएमडीमध्ये साधारण रायझेन २००० मालिकेपासून पुढे चालतं, पण रायझेन ३ २२००जी आणि रायझेन ५ २४००जी या दोघांचा नंबर दोन हजारातला असूनही ते अधिकृत यादीत नाहीत. सेकंडहँड बाजारात हे दोन भरपूर फिरतात, तेव्हा लक्ष ठेवा.

मोजणी चुकायची भीती वाटत असेल तर मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा छोटा प्रोग्राम उतरवून चालवा. काय पास, काय नापास ते तो ओळीने दाखवतो. मात्र टीपीएम नापास दाखवलं म्हणून लगेच हताश होऊ नका.

टीपीएम नाही, की नुसतं बंद आहे?

टीपीएम म्हणजे पासवर्ड आणि एन्क्रिप्शनच्या किल्ल्या सुरक्षित ठेवणारा भाग. आठव्या पिढीपासूनच्या बहुतेक मदरबोर्डांत तो वेगळ्या चिपच्या रूपात नसतो, फर्मवेअरमध्येच (बोर्डावरच्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) असतो, आणि असेम्बल केलेल्या मशीनमध्ये तो अनेकदा बंद ठेवलेला असतो. तपासायला विंडोज आणि आर दाबून टीपीएम डॉट एमएससी टाईप करा. उजव्या बाजूला खाली स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं तर काम झालं. काहीच सापडलं नाही तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंग्जमध्ये जा.

मशीन सुरू होताना असेम्बल पीसीवर डिलीट, डेलवर एफ २, एचपीवर एफ १०, लेनोव्होच्या डेस्कटॉपवर एफ १ पुन्हा पुन्हा दाबत राहा. इंटेलवर पीटीटी आणि एएमडीवर एफटीपीएम या नावाची नोंद शोधा. आसूसमध्ये ती अ‍ॅडव्हान्स्डच्या आत पीसीएच एफडब्ल्यू कॉन्फिगरेशनमध्ये, गिगाबाइटमध्ये बहुधा सेटिंग्जच्या मिसलेनियसमध्ये, आणि डेलमध्ये सिक्युरिटीखाली मिळते. एनेबल करा, एफ १० ने सेव्ह करा.

इथे एक धोका आहे. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल आणि तुम्ही टीपीएम किंवा सिक्युअर बूटला हात लावला, तर पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा गेलाच समजा. म्हणून बायोसला हात लावण्याआधी एन्क्रिप्शन थांबवा आणि की कागदावर लिहून घ्या. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर ती की त्या खात्यात डिव्हाइसेसखाली सापडते.

आणि दुसरी गोष्ट, जी आपल्याकडे वरचेवर घडते. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपला की लाईट गेल्यावर बायोसच्या सगळ्या सेटिंग्ज मूळपदावर जातात. तुम्ही आज पीटीटी चालू करता, रात्री लाईट जाते, सकाळी टीपीएम पुन्हा गायब. सोबत घड्याळही काही वर्षं मागे गेलेलं असतं आणि ब्राउझर प्रत्येक साईटला सर्टिफिकेटची चूक दाखवतो. लोक व्हायरस समजून फॉरमॅट मारतात. दोष त्या नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलचा असतो. मशीनची पिन काढून तो बदलला की संपलं.

सी, डी, ई ड्राईव्हचा अडथळा

बायोस मोडच्या ओळीत लेगसी लिहिलेलं असेल तर डिस्क पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. सिक्युअर बूटसाठी यूईएफआय मोड लागतो आणि यूईएफआयवरून बूट व्हायला डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची लागते. नुसतं बायोसमध्ये जाऊन सीएसएम (जुन्या लेगसी पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद केलंत तर "बूट डिव्हाइस सापडत नाही" असा काळा पडदा येईल. घाबरू नका, सीएसएम परत चालू करा, विंडोज जसंच्या तसं उघडेल. क्रम उलटा झालाय एवढंच: आधी डिस्क बदलायची, मग बायोस.

त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाची कमांड आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. कमांडचं नाव टाईप करा, मग जागा सोडून तिरक्या रेघेसह व्हॅलिडेट, जागा, तिरकी रेघ डिस्क कोलन शून्य, जागा, तिरकी रेघ आणि अलाउफुलओएस सलग. शून्य हा तुमच्या विंडोजवाल्या डिस्कचा नंबर आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो वेगळा दिसला तर तो घाला. तपासणी यशस्वी झाली की तीच ओळ व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट घालून पुन्हा चालवा. मग रीस्टार्ट, बायोस, सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू.

आपल्याकडच्या असेम्बल पीसीवर ही तपासणी फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे डी, ई, एफ ड्राईव्ह. ते बऱ्याचदा एका मोठ्या एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात लॉजिकल ड्राईव्ह म्हणून केलेले असतात, आणि ही कमांड एक्स्टेंडेड पार्टिशन असलेली डिस्क घेतच नाही. प्रायमरी पार्टिशनही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. डिस्क मॅनेजमेंट उघडून बघा: हिरव्या चौकटीच्या आत निळे ड्राईव्ह दिसत असतील तर हाच प्रकार. उपाय एकच. डी, ई वरचं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, दोन-चार फोटो तिथून उघडून खात्री करा, मग ते ड्राईव्ह आणि हिरवी चौकट डिलीट करा आणि तपासणी पुन्हा चालवा. नवीन एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकणार असाल तर या फंदात पडूच नका. कोरी एसएसडी सरळ जीपीटीच होते.

पैसे कुठे घालायचे

एसएसडीत. आधी एसएसडीत, मग रॅममध्ये, आणि प्रोसेसर बदलण्याचा विचार सगळ्यात शेवटी.

फिरत्या हार्ड डिस्कला एकेक तुकडा वाचायला डोकं हलवावं लागतं, सेकंदाला साधारण शंभरेक तुकडे. एसएसडीला हलवायला काही नसतंच, ती हजारोंनी वाचते. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फाईल एकाच वेळी मागत असतं, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दाखवते आणि माऊस अडकतो. तिथे रॅम वाढवून फारसा फरक पडत नाही. अडीच इंची साटा एसएसडी चौथ्या पिढीच्या बोर्डलाही लागते. सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास वेग मिळतो आणि घरगुती कामाला तो पुष्कळ आहे. एम.२ खाचेत बसणारी एनव्हीएमई (आणखी वेगवान एसएसडी) घेण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल बघा. दिसायला सारख्याच दोन जाती असतात, साटावाली आणि एनव्हीएमईवाली, आणि काही खाचा त्यातली एकच घेतात. चौथ्या पिढीच्या बहुतेक बोर्डांवर अ‍ॅडॅप्टर लावून एनव्हीएमई दिसेल, पण तिच्यावरून विंडोज बूट होणार नाही. आकार २५६ जीबी घ्या. ६४ जीबी ही फक्त शिरकावाची अट आहे. पहिल्या मोठ्या अपडेटलाच जागा संपते.

डेस्कटॉपसाठी एसएसडीसोबत साटा डेटा केबल मागून घ्या, बॉक्समध्ये ती सहसा नसते. एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) साटाची एक पॉवर पिन मोकळी आहे का तेही आधीच बघा, नाहीतर त्यासाठी खानापूरहून बेळगावला पुन्हा खेप पडते.

रॅम ४ जीबीवर विंडोज ११ उघडतं, पण ब्राउझरचे चार टॅब आणि एक पीडीएफ झालं की हाशहुश्श करतं. ८ जीबी हे खरं किमान. फोटोशॉप किंवा डीटीपीचं काम असेल तर १६. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट वापरात आहेत ते कळतं. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ ची खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका, चुकीची रॅम आणली आहे. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, आणि अनेक जुन्या लॅपटॉपना १.३५ व्होल्टची डीडीआर ३ एल लागते. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटी बरेच चढले, त्यामुळे चांगल्या दुकानातून घेतलेली जुनी रॅमही चालेल, पण बदलून देण्याची बोली करून घ्या.

नवीन पट्टी टाकल्यावर डिस्प्लेच आला नाही तर आधी मिनिटभर थांबा; बोर्ड नवीन रॅम ओळखायला वेळ घेतो. तरीही अंधार असेल तर पिन काढून पट्टी बाहेर घ्या, सोनेरी दातांवरून पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, पुसून परत बसवा. बाजूचे चाप 'टक' आवाज करून बसले पाहिजेत. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात दमट हवेने दातांवर थर चढतो आणि निपाणीकडे तंबाखूची धूळ, त्यामुळे एवढ्यानेच कित्येक "मेलेली" मशीनं उठतात.

लाईट, अर्थिंग, पाऊस

अपडेट चालू असताना लाईट गेली तर विंडोज बहुधा सावरतं. बायोस अपडेट चालू असताना गेली तर बोर्ड कायमचा बसू शकतो. म्हणून बायोस अपडेट फक्त यूपीएसवर, तेही गरज असेल तरच. ६०० व्हीएचा यूपीएस ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीला दहा-पंधरा मिनिटं ओढतो. यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते. लाईट गेल्या क्षणी पीसी बंद पडत असेल तर आधी बॅटरी बदला, अख्खा यूपीएस नव्हे.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर थोडा करंट उतरतो आणि अर्थिंग नसेल तर त्याला जायला दुसरी वाट नसते. तो कमी असला तरी एसएसडी आणि यूएसबीच्या वस्तूंना त्रास देतो. नवा भाग घालण्याआधी वायरमनकडून अर्थिंग करून घ्या. वळवाच्या विजा कडाडायला लागल्या की पॉवरची पिन काढाच, आणि राउटरची लॅन केबलसुद्धा काढा. ती विसरली जाते आणि बोर्ड तिच्या वाटेने जातो.

इन्स्टॉलचा दिवस

फोटो, उतारे, मार्कशीट, पत्रिकांच्या फाईल बाहेरच्या डिस्कवर घ्या. फॉन्टचं फोल्डरही घ्या. श्रीलिपी किंवा कन्नडच्या जुन्या नुडी या टायपिंग सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या फाईल युनिकोडमध्ये नसतात. तो फॉन्ट नसेल तर नव्या विंडोजमध्ये त्या अक्षरांची खिचडी दिसते. सॉफ्टवेअरची लायसन्स डोंगल आणि सेटअप आहे का तेही बघून घ्या.

मग दुसऱ्या पीसीवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवून ८ जीबी किंवा मोठा पेनड्राईव्ह तयार करा. डाउनलोड पाच-सात जीबीचं असतं, मोबाईल हॉटस्पॉटवर करणार असाल तर दिवसाचा डेटा बघून बसा. आयएसओतल्या (विंडोजच्या डाउनलोड होणाऱ्या इन्स्टॉल फाईलमधल्या) फाईल हाताने पेनड्राईव्हवर ओढू नका. फॅट ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही आणि नेमकी मुख्य फाईल त्याहून मोठी असते. रुफस हा पेनड्राईव्ह तयार करणारा प्रोग्राम वापरत असाल तर पार्टिशन स्कीम जीपीटी आणि टार्गेट यूईएफआय निवडा.

एसएसडीवर नव्याने टाकताना जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. न काढल्यास विंडोज एसएसडीवर बसतं पण बूटच्या फाईल कधीकधी जुन्या डिस्कवर जातात. वर्षभराने ती डिस्क मेली की ठणठणीत एसएसडीसुद्धा उघडत नाही. पेनड्राईव्हवरून सुरू करण्यासाठी डेल, लेनोव्हो आणि गिगाबाइटवर एफ १२, एचपीवर एफ ९, एमएसआयवर एफ ११, आसूसच्या बोर्डवर एफ ८. यादीत पेनड्राईव्ह दोनदा दिसला तर यूईएफआय लिहिलेला निवडा.

होम आवृत्ती सेटअपच्या वेळी इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागते. वायफायचा ड्रायव्हर सापडला नाही तर मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा. पुढे सेटिंग्जमध्ये मराठी फोनेटिक आणि कन्नड असे दोन्ही कीबोर्ड घाला. विंडोज आणि स्पेस दाबून फिरवता येतात.

जे मशीन बसत नाही त्याचं काय

चौथ्या-सहाव्या पिढीच्या मशीनवर अटी चुकवून विंडोज ११ टाकता येतं आणि कित्येक ठिकाणी ते टाकून दिलंही जातं. आमचा सल्ला: घरच्या एकुलत्या एका पीसीवर हे करू नका. अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, ती पुन्हा हातानेच चढवावी लागते. कोअर २ ड्युओवर तर २०२४ च्या आवृत्तीपासून पुढे विंडोज ११ सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या सूचना त्या प्रोसेसरमध्येच नाहीत. रिफर्बिश्ड पीसी "विंडोज ११ टाकून" स्वस्तात मिळत असेल तर आधी प्रोसेसरचा पूर्ण नंबर विचारा. नंबर सांगायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

विंडोज १० लाच राहायचं असेल तर घरगुती वापरकर्त्यांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे, मुदत १३ ऑक्टोबर २०२६. २२एच२ आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्ज त्या खात्याशी सिंक केल्या तर पैसे पडत नाहीत.

आणि लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. ८ जीबी रॅमला सिनॅमन आवृत्ती, ४ जीबीला एक्सएफसीई. अधिकृत किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा आहे, पण एसएसडी इथेही तेवढाच फरक पाडते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पेनड्राईव्हवरून ते इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं, आणि ही पायरी गाळू नका. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि विशेषतः प्रिंटर तिथेच तपासा. घराघरांत दिसणारा कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर फार सतावतो, एचपीचे बरेचसे प्रिंटर मात्र लगेच ओळखले जातात. बोटांच्या ठशाचं यंत्र किंवा डिजिटल सहीचं टोकन रोजच्या कामाला लागत असेल तर विंडोजच ठेवा. पोरांना व्हॅलोरंट खेळायचं असेल तर तो लिनक्सवर चालत नाही, आणि विंडोज ११ वर त्याला टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही चालू लागतात.

मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी आणि कन्नड दोन्हींचं कगप फोनेटिक लेआउट तयार मिळतं. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद. नुडीवर ज्यांचा हात बसलाय त्यांना ते ओळखीचं वाटेल.

मशीन महिनाभर नीट चालल्यावरच जुनी हार्ड डिस्क परत जोडा, बॅकअपशी फाईली ताडून बघा आणि मग तिचा फॉरमॅट करून तिला बॅकअपच्या कामाला लावा.